आधी पांघरूण उचलणारी नजाह

जॉर्डनमधल्या आमच्या सल्त गावात कुणालाही "कसं काय?" विचारा, उत्तर एकच येतं: अल्लाहची मेहेरबानी, सगळं ठीक. दाढ दुखून गाल टम्म सुजलेला माणूसही हेच सांगतो आणि ज्याच्या पोराला काल तुरुंगात टाकलं तोही हेच सांगतो. म्हणून नजाह सिस्टर कुणाच्या घरी गेली की काही विचारतच नाही. चपला दाराशी काढते, खोलीतल्या पुरुषांना बाहेर हाकलते आणि आधी पेशंटचं पांघरूण उचलते. सलाम वगैरे त्यानंतर.

"इथल्या लोकांच्या तोंडाला फार चांगलं वळण आहे, अबू सायल," ती मला म्हणाली होती. "कातडीला नाही. म्हणून मी कातडीला विचारते."

मी आरोग्य केंद्राची गाडी चालवतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे, लुळ्यापांगळ्यांकडे नजाहला घेऊन जायचं, हे माझं काम. कागदोपत्री ते गाडीपुरतंच आहे. पण सल्तची घरं डोंगरावर एकाच्या डोक्यावर एक बसलेली. गाडी पायऱ्यांपाशी थांबते आणि पुढे पायऱ्याच पायऱ्या. मग औषधांची पेटी कोण उचलणार? मीच. गुडघ्यांची तक्रार केली तर नजाह म्हणते, "वर पोचलो की तुझ्याही गुडघ्याला मलम लावते. नंबर शेवटचा."

बाई फटकळ आहे. तिच्या तोंडाला लागू नये, असं गावात लहानथोर सगळे सांगतात. नवरा शाळामास्तर. शाळेत त्याच्या आवाजाने पोरं चळाचळा कापतात, घरात मात्र तो चहासुद्धा विचारून घेतो. पण नजाह अशी का झाली हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिचा बाप दाऊद गवंडी होता. आमच्या आळीतली पिवळ्या दगडाची निम्मी घरं त्याच्या हातची. एकदा परांचीवरून पडला, कंबर मोडली आणि मागच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून राहिला. कुणी भेटायला आलं की त्याच्या अंगावर धुतलेली चादर टाकायची, खोलीत ऊद जाळायचा आणि सांगायचं की आराम करतोय. चादरीखाली त्याची पाठ सडत होती. तो गेला तेव्हा दुखवट्याला आलेल्या बायका नजाहच्या आईला म्हणाल्या, "किती छान केलंत हो त्यांचं. घरात कधी वाससुद्धा आला नाही." नजाह तेव्हा शाळकरी पोर होती. त्या एका वाक्याने तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती आजतागायत खाली उतरलेली नाही. ती आग घेऊनच ती नर्स झाली.

हाज्जा वदहा तिची लाडकी पेशंट. लाडकी म्हणजे जिला सर्वांत जास्त शिव्या खाव्या लागतात ती. म्हातारी वरच्या आळीत थोरल्या मुलाकडे, मुफ्लिहकडे राहायची. साखरेचा आजार जुना होता आणि पाय बधिर झालेले होते. थंडीत शेगडीपाशी पाय शेकत बसली आणि उजवा पाय भाजला तरी तिला कळलं नाही. कळलं सुनेला, इब्तिसामला, करपल्याचा वास आला तेव्हा. ती बिचारी ओरडणार तोच हाज्जाने तिचा हात धरला आणि मुलांच्या गळ्याची शपथ घातली, मुफ्लिहला सांगायचं नाही.

"का नाही सांगायचं?" नजाहने पहिल्याच दिवशी पट्टी बांधता बांधता विचारलं.

"तो इब्तिसामला बोल लावेल, पोरी. तू असताना माझी आई भाजली कशी, म्हणेल."

"मग लावू दे. दोन दिवस बोलेल आणि गप्प बसेल."

"तो गप्प बसेल. लोक बसतील का? सगळी आळी ज्याच्याकडे भांडणं सोडवायला येते, त्याच्या स्वतःच्या घरात आईकडे बघायला कुणी नाही, असं नको व्हायला."

"हाज्जा, पाय तुझा आहे की आळीचा?"

म्हातारी हसली आणि तिने उशीखालची बडीशेपेची गोळी नजाहच्या हातावर ठेवली. मी दाराबाहेर पाठ करून उभा होतो. नजाह दातओठ खात कात्री चालवत होती, ते आवाजावरूनच समजत होतं.

मुफ्लिह माणूस वाईट नाही. लष्करातून निवृत्त होऊन आला तेव्हापासून त्याची पाहुण्यांची खोली सकाळपासून उघडी असते. कुणाच्या जमिनीचा तंटा असो, कुणाच्या मुलीचं लग्न अडलेलं असो, सगळे त्याच्याकडे येतात. रोज संध्याकाळी तो आईजवळ बसून तिच्या हाताचं चुंबन घ्यायचा आणि तिला संत्रं सोलून भरवायचा. पाय मात्र तिने त्याला कधी दिसू दिला नाही. नजाह दिवसाआड येते ती साखर तपासायला, अशी त्याची समजूत होती. आणि नजाह दिवसाआड यायची म्हणूनच जखम सुधारत होती. तळाशी गुलाबी मांस धरू लागलं होतं. "आणखी दोनेक महिने," ती मला पायऱ्या उतरताना म्हणायची, "मग ही म्हातारी माझ्या पोराच्या लग्नात नाचेल."

आणि मग वरून फर्मान आलं. पैसे कमी पडताहेत, तेव्हा घरी जाऊन कुणाला बघायचं आणि कुणाला नाही ते नव्याने ठरवायचं. घरात करणारं माणूस असेल आणि पेशंट बसू शकत असेल, तर भेटी बंद. तपासायला अम्मानहून माणूस येणार. नजाहने त्याच्यासोबत जायचं नाही, कारण ती आपल्या पेशंटांची बाजू घेईल. हे ऐकून ती मुख्य डॉक्टरांना म्हणाली, "बाजू घेईन म्हणजे काय? माझी ती पोरं आहेत का? पेशंट आहेत! त्यांची बाजू मी नाही घ्यायची तर काय तुमच्या खुर्चीची घ्यायची?" डॉक्टरांनी नियमाकडे बोट दाखवलं आणि चहा मागवला.

उस्ताज़ निज़ार आला. माणूस सभ्य, केस नीट विंचरलेले, बोलणं मऊ. त्याला घरोघर मीच फिरवलं. आमच्याकडे कुणाच्या घरात न सांगता शिरणं म्हणजे शिवी दिल्यासारखं, म्हणून केंद्राने सगळ्यांना आधी कळवलं होतं. आणि तिथेच सगळा घोळ झाला. कळवल्यावर सल्तमधलं घर काय करतं? झाडून काढतं, चांगला गालिचा अंथरतं, मन्सफ म्हणजे दह्यातलं मटण आणि भात शिजवतं आणि आजाऱ्याला आंघोळ घालून नवे कपडे चढवून बसवतं. सरकारी माणूस असला तरी पाहुणाच ना! ज्या घरांमधून मी गेले कित्येक महिने लघवीने भिजलेल्या गाद्यांचा वास घेत होतो, तिथे त्या दिवसांत गुलाबपाणी शिंपडलेलं असायचं. जे म्हातारे कण्हत पडलेले असायचे ते लोडाला टेकून, पाहुण्याच्या तब्येतीची चौकशी करत बसलेले. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

मुफ्लिहकडे तर लग्नघरासारखी तयारी. हाज्जा वदहाला सोफ्यावर बसवलं होतं, पाठीला आणि दोन्ही कुशींना उशा. अंगात नक्षीकाम केलेला काळा झगा, डोळ्यांत सुरमा आणि पायांत मोजे, वर नवेकोरे स्लीपर. त्या मोज्याच्या आत पट्टी होती. मला माहीत होतं, इब्तिसामला माहीत होतं. इब्तिसाम कॉफीचा ट्रे धरून उभी होती.

"कशा आहात, हाज्जा?" निज़ारने विचारलं.

"अल्लाहची मेहेरबानी, बाळा. तू कसा आहेस? आईवडील बरे आहेत?"

"चालता-फिरता येतं?"

"मुलं उचलून नेतात, चालायची गरज काय? काही कमी नाही बघ आम्हाला."

"इथे पायाच्या जखमेचं लिहिलंय."

"ती भरली. ती नजाह सोन्यासारखी मुलगी आहे. तिला काही बोलू नकोस हं."

माझ्याने राहवलं नाही. मी दारातून म्हणालो, "उस्ताज़, पाय एकदा बघून घ्या ना."

निज़ारचे कान लाल झाले. चार पुरुष बसलेले असताना एका म्हाताऱ्या बाईला मोजा काढायला सांगायचा, हे त्याच्याने होईना. मुफ्लिहने माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी लहान झालो. "अबू सायल," तो म्हणाला, "गाडी रस्त्यात नाही ना लावलीस? जाऊन बघ बरं." मग निज़ारकडे वळून म्हणाला, "आई म्हणते भरली, म्हणजे भरली. आमच्या घरात आईला काय हवं-नको ते बघायला पाच मुलं आहेत, उस्ताज़. चला, जेवण थंड होतंय."

निज़ार पोटभर जेवला. वर्तुळाकार ताटाभोवती उभं राहून, दह्याने माखलेला भात उजव्या हाताने वळून, अगदी आमच्यासारखा. आणि त्याने लिहिलं: जखम भरली आहे, कुटुंब सक्षम आहे, भेटींची गरज नाही. त्या आठवड्यात नजाहचे निम्म्याहून अधिक पेशंट असेच एकेक ताट मन्सफवर यादीतून गेले.

नजाहला कळलं. ती तडक उठून मुख्य डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"तिचा पाय उघडा आहे, डॉक्टर. आता कुठे मांस धरू लागलंय!"

"मग कुटुंबाने हरकत घ्यावी. थोरल्या मुलाने समितीसमोर यायचं आणि सांगायचं की आम्हाला घरी करणं जमत नाही. तेवढंच. मी लगेच सही करतो."

"मुफ्लिह येऊन हे सांगेल? तुम्ही याच गावचे ना?"

"नजाह, मी गावचा आहे. नियम गावचा नाही."

त्याच दुपारी ती मुफ्लिहच्या दारात. मी पेटी घेऊन मागे. ती लहानपणी याच आळीत त्याच्याबरोबर विटी-दांडूसारखे खेळ खेळलेली, त्यामुळे त्याला सरळ अरेतुरे करते.

"मुफ्लिह, आईच्या पायाला मोठी जखम आहे. तू समितीपुढे ये आणि सांग की घरी जमत नाही."

"साधी जखम होती. भरली."

"कोण म्हणतं?"

"आई म्हणते." तो आत वळून ओरडला, "आई, ही नजाह म्हणते पाय बरा नाही!"

आतून हाज्जाचं हसणं ऐकू आलं. "काटा टोचला होता रे. तिला सवयच आहे राईचा पर्वत करायची. तिला चहा दे."

"ऐकलंस?" मुफ्लिह म्हणाला. "आता माझी आई खोटं बोलते, असं म्हणायचंय तुला?"

"हो!"

झालं. त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "नजाह, तू बहिणीसारखी आहेस म्हणून ऐकून घेतो. मी चार माणसांसमोर उभा राहू आणि सांगू, की वदहाच्या मुलांना आई सांभाळता येत नाही? सरकारने येऊन करा? उद्या या आळीत मी कुणाला तोंड दाखवू?"

"तोंड राहू दे. पाय दाखव लोकांना आईचा!"

त्याने दार लावून घेतलं. नजाह त्या बंद दारासमोर उभी राहून जे काही बोलली ते मी इथे लिहीत नाही. माझी बायको हे वाचणार आहे.

त्यानंतर काही दिवस ती ड्यूटी संपल्यावर मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या दारातून जायची. इब्तिसाम तिला आत घ्यायची आणि मुफ्लिह पाहुण्यांत असेपर्यंत घाईघाईने पट्टी बदलून ती परतायची. एकदा त्याने तिला तिथेच पकडलं. माझ्या घरात चोरासारखी शिरतेस, म्हणून तो तिला सर्वांदेखत बोलला आणि इब्तिसामला तंबी दिली, पुन्हा हिला दार उघडलंस तर माहेरचा रस्ता धर. वर केंद्रातूनही नजाहला ताकीद मिळाली, की यादीत नसलेल्या पेशंटकडे सरकारी पट्ट्या नेऊ नयेत. सरकारी पट्ट्या! दोन बोटं रुंद कापडाच्या! गाडीत ती समोरच्या फळीवर मुठी आपटायची आणि मी आपला रस्ता बघायचो.

"सगळे चांगले आहेत रे," ती म्हणायची. "तो निज़ार चांगला, डॉक्टर चांगला, मुफ्लिह चांगला, म्हातारी तर देवमाणूस. या सगळ्या चांगल्या माणसांनी मिळून एक पाय सडवायला घेतलाय. मी कुणाच्या नावाने ओरडू, सांग ना?"

मी गिअर बदलायचो.

ऑलिव्ह तोडायचा हंगाम संपत आला होता, तेव्हा एका शुक्रवारी दुपारी इब्तिसामचा फोन आला. ती रडत नव्हती, नुसती कुजबुजत होती. मोज्यावर काळे डाग आलेत, वास येतोय, हाज्जाला ताप आहे आणि ती मला मोजा काढू देत नाही. नजाहने अंगात पांढरा कोट चढवला आणि मला म्हणाली, "चल." शुक्रवारी गाडी काढायची परवानगी नसते. मी काढली.

मुफ्लिहच्या पाहुण्यांच्या खोलीत नमाजनंतरची बैठक भरलेली होती. आळीतले कर्ते पुरुष भिंतीला टेकून ओळीने बसलेले. त्यात शेजारचे म्हातारे अबू हमदानही होते, हातात माळ घेऊन. त्या खोलीत बायका येत नाहीत. नजाह आली. समोरच्या दारातून, सलाम करून, सरळ मधल्या गालिच्यावर जाऊन बसली.

दारात आलेला शत्रू असला तरी पाहुणा. मुफ्लिहने किटलीतून वेलदोड्याची कडू कॉफी ओतली आणि पेला तिच्या हातात दिला. नजाहने तो घेतला आणि ओठाला न लावता आपल्यासमोर गालिच्यावर ठेवला.

अबू हमदानांच्या हातातली माळ थांबली. आमच्याकडे पेला असा खाली ठेवला की त्याचा अर्थ एकच. पाहुण्याला काहीतरी मागायचंय आणि ते मिळेपर्यंत तो या घरची कॉफी पिणार नाही. ज्याच्या घरातून पाहुणा पेला न पिता परत गेला त्याची अब्रू गेली. खुनाच्या समेटाला, मुलीला मागणी घालायला पुरुष असा पेला ठेवतात. बाईने ठेवलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

मुफ्लिहने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"कॉफी घे, नजाह," तो म्हणाला. "मागशील ते दिलं."

"आधी ऐक तरी."

"आधी घे. माझ्या घरात पेला थंड होत नाही." त्याला वाटलं असणार, ही फार तर समितीचं पुन्हा काढेल. मग हो म्हणून चालढकल करता येईल.

नजाहने एका घोटात कॉफी संपवली. "ऊठ," ती म्हणाली. "आत चल आणि तुझ्या हाताने आईचा मोजा काढ."

तो उठला. शब्द दिला होता, उठणं भागच होतं. मी पेटी घेऊन त्यांच्यामागे आतल्या दारापर्यंत गेलो. हाज्जा पलंगावर होती, चेहरा तापाने लाल. मुलाला पायाशी बसताना बघून ती उठायला धडपडली. "नको रे, मुफ्लिह. बाळा, नको. तू जा, बाहेर माणसं बसलीत तुझी."

त्याने मोजा ओढला. तो निघेना. आतलं कापड चिकटलं होतं. नजाहने मिठाचं पाणी ओतून ते भिजवलं पण हात लावला नाही, त्यालाच सोडवू दिलं. ते सुटलं आणि खोलीभर वास पसरला. मी दारात होतो तरी नाकाला रुमाल लावला. पायाची पुढची बाजू काळी होती. मुफ्लिह त्या पायाकडे बघत राहिला, मग त्याने आईकडे बघितलं.

"तुझं नाव खराब होऊ नये म्हणून रे," हाज्जा म्हणाली.

मग नजाह फुटली. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. "नाव? हे बघ तुमचं नाव! वास घ्या नावाचा! एक आई मुलाची अब्रू झाकते, मुलगा आईची झाकतो, सून दोघांची झाकते आणि सरकार म्हणतं वा, काय सक्षम कुटुंब! तुमच्या या अब्रूला एक पट्टी बांधता आली नाही रे! मला लाथ मारून बाहेर काढलंत, मी कोण, तर काय, नर्स! माझा बाप असाच चादरीखाली गेला आणि मी एवढी मोठी झाले, केस पांढरे झाले माझे, आणि तुम्ही अजून चादरीच पसरताय!" बोलता बोलता ती रडत होती आणि रडताना हात चालवत होती, पाय धुवत होती, गुंडाळत होती. "बघत काय बसलास? उचल तिला!"

रुग्णवाहिका त्या पायऱ्यांवर चढत नाही. मुफ्लिहने आईला पाठीवर घेतलं. तिचे हात त्याच्या गळ्याभोवती, पट्टी बांधलेला पाय बाजूला लोंबकळत. तो पाहुण्यांच्या खोलीतून, त्या सगळ्या बसलेल्या पुरुषांच्या मधून बाहेर पडला आणि भर दुपारी पायऱ्या उतरू लागला. खिडक्या उघडल्या. वरून कुणीतरी विचारलं, "मुफ्लिह, सगळं ठीक ना?" त्याने वर बघितलंही नाही.

इस्पितळात सर्जनने फार वेळ घेतला नाही. विष वर चढत होतं. गुडघ्याच्या खालून पाय कापावा लागला. महिना-दीड महिन्यापूर्वी आणलं असतं तर पट्टीवर निभावलं असतं, असं तो सहज बोलून गेला. नजाह तिथेच उभी होती. तिने खिडकीची काच तळहाताने इतक्या जोरात दाबली की मला वाटलं ती फुटणार.

तिसऱ्या दिवशी केंद्रात कागद आला. हाज्जा वदहाला घरच्या भेटी मंजूर, आठवड्यातून तीनदा. कारण, अवयव गमावल्यामुळे पात्र. खाली उस्ताज़ निज़ारची सुबक सही. नजाहने तो दोनदा वाचला.

"म्हणजे आता पात्र झाली," ती म्हणाली. "अख्ख्या पायाची किंमत नव्हती रे त्यांच्याकडे. कापलेल्याची आहे. दुसराही दिला तर काय देतील, विचारू का?" तिने मला गाडी काढायला सांगितली, पण हाज्जाकडे नाही. कब्रस्तानात.

आमच्याकडे माणसाचा कापलेला भाग फेकून देत नाहीत. पांढऱ्या कापडात गुंडाळून घरच्यांच्या हाती देतात आणि घरचे तो पुरतात. मुफ्लिह ते गुंडाळलेलं ओझं तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून इस्पितळाच्या फाटकाशी आमची वाट बघत उभा होता. भावांना त्याने घरी ठेवलं होतं. आम्ही त्याला कब्रस्तानापर्यंत नेलं. बायका आत जात नाहीत, म्हणून नजाह गाडीत थांबली आणि मी त्याच्याबरोबर खणू लागलो. खाली खडक होता, फावडं सारखं ठणकत होतं.

कब्रस्तान रस्त्यालगत आहे. खणताना पाहून येणारे-जाणारे थांबले, आळीतले चार-पाच जण आत आले आणि त्यांच्यात अबू हमदान होते. त्यांनी छातीवर हात ठेवला. "अल्लाह तुझं दुःख हलकं करो, मुफ्लिह. कोण गेलं?"

"कुणी नाही," मुफ्लिह म्हणाला. "आईचा पाय आहे."

"अल्लाह, अल्लाह. कशामुळे?"

मला वाटलं आता तो म्हणेल, साखर, नशीब, देवाची इच्छा. त्याने फावडं जमिनीत रोवलं आणि सरळ उभा राहिला. "माझ्यामुळे. मला सांगितलं होतं की ये आणि म्हण, घरी जमत नाही. मी नाही म्हणालो. आम्हाला खरंच जमत नव्हतं."

अबू हमदान जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "असं चार माणसांत बोलू नये, मुला. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मुफ्लिह म्हणाला. त्याने ते गाठोडं खाली ठेवलं, हातांनी माती ओढली, थापटून सारखी केली. मग हात न झटकताच उठला आणि म्हाताऱ्याच्या समोर उभा राहिला. "घरी काकू कशी आहे, उम हमदान?"

"ठीक," ते सवयीने म्हणाले. मग त्यांची नजर त्या ओल्या मातीकडे गेली. "एकाच कुशीवर आहे. रमज़ानपासून. मला एकट्याला तिला वळवता येत नाही. पोरं म्हणतात, बाहेर सांगू नका."

मुफ्लिहने त्यांचा दंड धरून त्यांना रस्त्यावर गाडीपाशी आणलं. मी नजाहला सांगितलं आणि ती दार उघडून खालीच उतरली.

"रमज़ानपासून?" ती ओरडली, रस्त्यावरची माणसं वळून बघतील इतकी. "रमज़ानपासून! आणि परवा मी दारावरून गेले तर मला डाळिंब देत होतात! तोंडाने सांगता येत नव्हतं? कुणी आलं की तिच्यावरही चादर पसरता काय?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"बसा गाडीत. तुमची पोरं मला दारात अडवणार, मला माहीत आहे. सगळी घरं सारखीच. मी आज कुणाशी वाद घालणार नाही. माझ्यात ताकद नाही."

"तू नको घालूस," मुफ्लिह म्हणाला आणि पुढच्या सीटवर बसला. "मी बोलतो."